दोघींची कबर

आमच्या चर्चमधल्या एका म्हाताऱ्या माणसाने आपल्या बायकोच्या कबरीत दुसऱ्याच एका बाईला पुरलं. हे वाचून तुम्ही दचकला असाल, तर त्यात तुमची काही चूक नाही. आम्ही सगळे तर तिथे हजर होतो, पांढरे कपडे घालून, हातात शेवंतीची फुलं घेऊन, आणि आमच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. माझी आई परत येताना रिक्षात चार वेळा "प्रभू, क्षमा कर" म्हणाली. ती क्षमा ती स्वतःसाठी मागत नव्हती.

त्या माणसाला आम्ही काका म्हणायचो. मुलुंडच्या आमच्या मराठी मंडळीत काका म्हणावेत असे वीस-पंचवीस पुरुष सहज निघतील, पण नुसतं 'काका' म्हटलं की ते हेच. मूळचे नगरकडचे. औषधांच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात टेस्टर, पँटच्या खिशात पाना आणि काखेत बायबल हा त्यांचा जामानिमा सुटला नव्हता. हात मिळवताना समोरच्याचा हात अशा काही ताकदीने पिळायचे की म्हाताऱ्या बायका त्यांना लांबूनच "सलाम हं काका" म्हणून सटकायच्या.

आमची रविवारची उपासना साडेसातला सुरू होते आणि सव्वानऊला संपावीच लागते, कारण साडेनऊला त्याच चर्चमध्ये तमिळ मंडळीची उपासना असते. त्यांच्या बायका मोगरा माळून व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या की आमचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, आमेनकडे वळतात. एकदा साहेबांचा उपदेश ऐन रंगात आला असताना डोक्यावरचा पंखा कुरकुरायला लागला. काका उठले, मागच्या खोलीतून शिडी आणली, साहेब उभे होते त्या पुलपिटाच्या शेजारी लावली आणि चढले. साहेब बोलायचे थांबले. काका वरून म्हणाले, "तुम्ही चालू द्या साहेब, तुमचा मला काही त्रास नाही."

साहेबांनी चालू दिलं. पण त्या दिवशी पापी लोकांविषयी ते काय सांगत होते ते कुणालाही आठवत नाही, सगळे काकांच्या चपलांच्या तळव्यांकडे बघत होते.

आणखी एक खोड म्हणजे बाक. चर्चमधले बाक कुणाच्या नावावर नसतात, पण कुणी कुठे बसायचं हे आजोबांच्या काळापासून ठरलेलं असतं. आमचा डावीकडून तिसरा. काका दर रविवारी नव्या बाकावर बसायचे. लोक सरकायचे, नाक मुरडायचे, पण काका मांडी ऐसपैस टाकून बसायचे आणि शेजारच्याला हळूच विचारायचे, "काय म्हणतंय घर?" त्यांच्या दृष्टीने ते हळूच असायचं. दोन बाक पुढे ऐकू जायचं.

आणि लोक सांगायचे, हेच मला नवल वाटतं. ज्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या मंडळीला माहीत होतं, त्यालाच लोक घरातलं सगळं सांगून बसायचे. कारण पुन्हा कुणी विचारतच नव्हतं. आम्ही एकमेकांना "सलाम, कसं काय, प्रभूची कृपा" एवढंच म्हणणारी माणसं.

आता विनंत्यांचं सांगते. उपदेशाच्या आधी पाळकसाहेब विचारतात, "मंडळीच्या काही प्रार्थनेच्या विनंत्या आहेत का?" मग एकेक जण उभा राहतो. कुणाची परीक्षा असते, कुणाचं ऑपरेशन, कुणाचा व्हिसा. सगळं सभ्य, चारचौघांत सांगण्याजोगं. काका उभे राहिले की मात्र चर्चमध्ये टाचणी पडलेली ऐकू यावी इतकी शांतता व्हायची. कारण काका स्वतःसाठी कधी काही मागत नसत. ते दुसऱ्यांसाठी मागायचे, नावानिशी, तपशिलासकट.

"आपल्या खजिनदार भाऊंना दारू सोडायची आहे, जमत नाहीये. प्रार्थना करा."

"शेवटच्या बाकावरचे दोघे नवराबायको तीन महिने एकमेकांशी बोलत नाहीत. कारण क्षुल्लक आहे, गीझरचं आहे. मी जाऊन गीझर नीट करून आलोय. आता बाकीचं देवाने बघावं."

तुम्हाला हसू येत असेल. त्या बाकावर बसून बघा.

माझी पाळी आली तेव्हा मी तीस वर्षांची होते. घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते आणि एके दिवशी मालकाने लॅबच बंद केली. वडील जाऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. आईला सांगायचा मला धीर झाला नाही. मी रोज साडेआठला डबा घेऊन निघायची, भांडुपच्या एका बागेत जाऊन बसायची आणि साडेपाचला घरी यायची. दोन महिने असं केलं. आई रोज डबा भरायची आणि विचारायची, "आज सँपल जास्त होते का गं, दमलेली दिसतेस."

त्या बागेत एके दिवशी काका आले. भांडुपलाच राहायचे ते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"काय गं, आज सुट्टी?"

"हो."

दुसऱ्या दिवशी परत आले. "आजही सुट्टी?"

तिसऱ्या दिवशी दोन केळी घेऊन आले, शेजारी बसले आणि काही विचारलंच नाही. मग मीच सगळं सांगितलं. रडले. शेवटी हात जोडून म्हटलं, "काका, आईला सांगू नका."

"आईला नाही सांगत," काका म्हणाले.

शब्दाला जागले. आईला त्यांनी काहीच सांगितलं नाही. रविवारी उभे राहून दीडशे लोकांना सांगितलं, त्यांत आई होती. "आपल्या या पोरीची नोकरी गेली आहे. रोज आईला फसवून बागेत बसते. पोरगी चांगली आहे, घाबरलेली आहे. प्रार्थना करा, आणि कुणाच्या ओळखीची लॅब असेल तर प्रार्थनेनंतर मला भेटा."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आई माझ्या शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समोर वधस्तंभाकडे बघत तिने मांडीवरचं गीतांचं पुस्तक मिटून पर्समध्ये ठेवलं.

चहाच्या रांगेत तीन माणसं मला येऊन भेटली. त्यांतल्या एका बाईंच्या भावाची मुलुंडलाच लॅब होती, आणि दहाव्या दिवशी मी तिथे रुजू झाले. आजही तिथेच आहे. पण आईचं म्हणणं एकच. "नोकरी मिळाली ती देवाने दिली. अब्रू गेली ती त्या माणसाने घालवली." त्या दिवसापासून आई काकांशी एक शब्द बोलली नाही. आमच्या बाकावर बसायची त्यांची पाळी आली की ती पर्स मधे ठेवायची. काका पर्सच्या पलीकडे बसायचे आणि पर्सला म्हणायचे, "सलाम."

पुढचं सगळं कळायला आमच्या कबरस्थानाचे नियम माहीत हवेत. मुंबईत जिवंत माणसाला जागा नाही, तिथे मेलेल्याला कुठली! बहुतेकांना तात्पुरती कबर मिळते. दोन वर्षांनी ती उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात आणि त्या जागी दुसरा माणूस येतो. कप्प्यासाठी घरचं कुणीतरी हजर लागतं. कुणीच आलं नाही तर हाडं एका सामाईक खड्ड्यात जातात. काही जुन्या घरांकडे मात्र कायमच्या कबरी आहेत, कागदासकट. त्यांत एकावर एक घरची माणसं जातात. फक्त एक अट. कबर एकदा उघडली की पुढची दोन वर्षं पुन्हा उघडायची नाही, मग घरात कुणीही मरो.

आमची अशी कबर आहे, तिथे माझे वडील आहेत. काकांची होती. तिथे काकी होत्या. काकांना मूलबाळ नव्हतं. दर रविवारी चर्चनंतर ते कबरस्थानात जायचे, झाडू मारायचे आणि दगडावर बसून शेंगदाणे खायचे. काकींच्या नावाखाली त्यांनी दगडावर चार बोटं जागा कोरी ठेवून घेतली होती. कुणीही भेटलं की फ्लॅट दाखवावा तशी ती जागा दाखवायचे. "हे आपलं. सीलिंग बुटकं आहे, पण शेजार चांगला आहे."

काकींची एक मैत्रीण होती. तिला सगळे आयामावशी म्हणायचे, कारण ती एका नर्सिंग होममध्ये आया होती. लग्न केलं नाही, नातेवाईक नाहीत, लहानपणी मिशनच्या बोर्डिंगमध्ये वाढलेली. रात्रपाळी संपवून ती थेट उपासनेला यायची आणि दाराजवळच्या बाकावर बसायची. उपदेश सुरू झाला की तिला झोप लागायची. शेजारी काकी बसायच्या, त्या खांदा पुढे करायच्या. आयामावशी पाऊण तास काकींच्या खांद्यावर झोपायची आणि आशीर्वादाच्या वेळेला काकी तिला कोपराने जागं करायच्या. काकी गेल्यावर आयामावशी त्या बाकावर एकटी बसायला लागली. मान खाली पडायची, दचकून उठायची, परत पडायची. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं. तिच्या शेजारी जाऊन कुणी बसलं नाही. मीही नाही. बाक ठरलेले होते ना.

मागच्या वर्षाच्या आधीच्या वर्षी आयामावशी गेली. मंडळीच्या पंचांनी बैठक घेतली. दहा मिनिटांत ठरलं की तात्पुरती कबर घ्यायची, हार मंडळीतर्फे, झालं. काका पंच नव्हते, पण ते तिथे खिडकीचं तावदान बसवत होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "आणि दोन वर्षांनी तिला उचलायला कोण जाणार?"

मग एक पंच म्हणाले, "बघू की तेव्हा. मंडळी आहे."

"मंडळी आहे ते ठीक. माणूस कोण, ते सांगा. नाव लिहा."

नाव कुणी लिहिलं नाही. काका स्टुलावरून खाली उतरले, हात पुसले आणि म्हणाले, "मग माझी कबर उघडा. माझ्या बायकोशेजारी ठेवा तिला."

पाळकसाहेब हे सगळं नंतर आम्हाला सांगत होते तेव्हाही त्यांचा चेहरा उतरलेला होता. ते तरुण आहेत, काकांचा नातू शोभावा अशा वयाचे. त्यांनी काकांना बाजूला घेऊन समजावलं. "काका, तुमच्या हृदयात दोन स्टेंट आहेत. कबर उघडली तर दोन वर्षं बंद. मधेच काही झालं तर तुम्ही काकींजवळ जाऊ शकणार नाही. आणि तुमच्या मागे तरी तुम्हाला उचलायला कोण आहे?"

"कुणी नाही," काका म्हणाले. "म्हणूनच तर मला समजलं."

दफनाच्या दिवशी मी जे बघितलं ते मी कुणाला फारसं सांगत नाही. कबर उघडताना आधीच्या माणसाची हाडं काढून बाजूला ठेवतात आणि मग नव्या पेटीखाली परत ठेवतात. ते काम खणणारे लोक करतात, घरच्यांना लांब उभं करतात. काका लांब उभे राहिले नाहीत. त्यांनी पिशवीतून काकींची लग्नातली पांढरी साडी काढली, शेजारच्या कबरीच्या कठड्यावर बसले आणि साडी मांडीवर पसरली. खणणाऱ्याने एकेक हाड त्यांच्या हातात दिलं. काकांनी त्यावरची माती पुसून ते साडीत ठेवलं. मग चारी टोकं बांधून ते गाठोडं मांडीवर घेऊन बसले. माझ्या हातातली फुलं तिथेच पडली. तरीही मला नजर काढता येईना.

"आली बघ तुझी मैत्रीण," काका गाठोड्याला म्हणाले. "बोल आता पोटभर."

मग ते गाठोडं त्यांनी स्वतः खाली दिलं, त्यावर आयामावशीची पेटी उतरली, आणि आम्ही कसंबसं गीत म्हटलं.

आठवडाभर मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसती बायबलची वचनं पडत होती, पण फोनवर दुसरंच चाललं होतं. त्यात माझी आई आघाडीवर. "बायकोच्या उशाशी परकी बाई! काहीतरी असल्याशिवाय का कुणी असं करतं? बायको जिवंत असतानाचं असणार." मी म्हटलं, "आई, सत्तरीच्या बाईबद्दल काय बोलतेस!" तर म्हणाली, "सत्तरीची आता झाली. जन्मली तेव्हा सत्तरीची नव्हती."

पुढचा रविवार. विनंत्यांची वेळ. काका उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "आज माझ्यासाठी विनंती आहे. माझं आणि आयामावशीचं काहीतरी होतं, असं मंडळीतल्या काही जणांना वाटतं. त्यांच्या डोक्यातून तेवढं जावं म्हणून प्रार्थना करा. नावं घेऊ का?"

"नको, काका!" पाळकसाहेब माइकमध्ये ओरडले.

आईने माझा दंड असा धरला की दोन दिवस वळ होता.

"बरं, नाही घेत," काका म्हणाले. पण खाली बसले नाहीत. "होतं ते त्या दोघींचं होतं. बत्तीस वर्षं ती रोज संध्याकाळी आमच्या घरी यायची. खोली एकच. त्या दोघी आत, मी बाहेर गॅलरीत. माझा चहासुद्धा बाहेर यायचा. काय बोलायच्या, देवाला ठाऊक. एकदा विचारलं तर दोघी हसायला लागल्या. लग्न माझ्याशी झालं होतं, पण मन मोकळं करायला तिला ती लागायची. हिच्या शेवटच्या आजारात रात्रपाळी करून यायची आणि दिवसा हिचं सगळं करायची. मी फिटर माणूस. मी पंखा पुसला. आता मी जाऊन बायकोच्या शेजारी पडलो असतो तर तिच्याशी काय बोलणार होतो? तिची मैत्रीण आपण खड्ड्यात टाकून दिली, हे सांगणार होतो?"

ते बसले. तमिळ बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या, घड्याळात सव्वानऊ वाजून गेले, तरी कुणी हललं नाही. मला दाराजवळचा तो रिकामा बाक दिसत होता आणि माझी मलाच लाज वाटत होती.

त्यानंतर बरोबर तेरा महिन्यांनी काका गेले. दुपारी शेजाऱ्यांचा मिक्सर दुरुस्त करत होते, बसल्या जागी गेले. फोन मला आला, कारण त्यांच्या मोबाइलमध्ये मंडळीतल्या कुणाचा तरी नंबर शोधताना शेजाऱ्यांना माझा आधी सापडला. मी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. उरलेली जुडी निवडून संपवली, मग म्हणाली, "साडी बदलते. बैठक असेल ना?"

बैठक होती. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये पंच बसले होते आणि बाकीचे पन्नासेक लोक भिंतीला टेकून उभे. प्रश्न सगळ्यांना माहीत होता. काकींची कबर अजून अकरा महिने उघडणार नव्हती. पाळकसाहेब कबरस्थानाच्या ऑफिसात जाऊन हात जोडून आले होते, काही झालं नाही. नियम तो नियम.

"तात्पुरत्या जागेत ठेवू," एक पंच म्हणाले. "दोन वर्षांनी काकींच्या कबरीत हलवू. मंडळी आहे की."

"नाव लिहा."

हे माझी आई बोलली. मला वाटलं मला भास झाला. महिला मंडळात हळदीकुंकवातल्यासारख्या गप्पा मारणारी माझी आई पंचांच्या बैठकीत कधी तोंड उघडत नाही.

"कुणाचं नाव, मावशी?" त्या पंचांनी विचारलं.

"दोन वर्षांनी त्याला उचलायला कोण जाणार, त्याचं. तुम्ही पुढच्या वर्षी ठाण्याला राहायला जाताय. हे दुसरे पंच मुलाकडे पुण्याला चाललेत. साहेबांची बदली होईल. कोण लक्षात ठेवणार?" ती थांबली. मग पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढून तिने टेबलावर ठेवला. "हा आमच्या कबरीचा कागद. आमच्या ह्यांच्याजवळ ठेवा त्याला."

हॉलमध्ये एकदम गलका झाला. बाबांच्या कबरीत! ज्या माणसाशी ही सहा वर्षं बोलली नाही त्याला! मी तिच्याजवळ गेले आणि तिला हळूच म्हटलं, "आई, अगं शुद्धीवर आहेस ना? ती तुझी जागा आहे."

"माझीच आहे म्हणून देते. मी मरेन तेव्हा कबर उघडावीच लागेल की नाही? तेव्हा तू असशीलच. त्याला उचल, त्याच्या बायकोकडे पोचव, आणि मग मला ठेव. हे विसरता येणार नाही असं आहे. माझं मढं दारात असताना कशी विसरशील?"

"पण तुम्ही तर त्यांच्यावर..." साहेब अडखळले.

"हो, होते रागावलेली. आहे अजून." आईचा आवाज फाटला. "माझी पोर दोन महिने कुठे जाऊन बसत होती हे मला, तिच्या आईला, माहीत नव्हतं. मी रोज डबा भरत होते. त्याने बघितलं आणि मी नाही बघितलं. राग त्याचाच यायचा ना? माझा मला किती दिवस येऊ देणार?"

मग ती भिंतीकडे तोंड करून रडली. आमच्या घरात वडील गेले तेव्हाही ती माणसांसमोर रडली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. सहा वर्षं मी समजत होते की तिचा राग त्या रविवारच्या बदनामीचा आहे, आणि एका घरात राहून मला एवढंही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबांची कबर उघडली. बाबांना ठेवायला आईने घरून धुतलेली चादर आणली होती, आणि ती मी धरली. मग काकांची पेटी खाली गेली. अख्खी मंडळी आली होती. तमिळ मंडळीतलेही पंधरा-वीस जण आले होते. त्यांच्या वेळेतले पंखेही काकाच दुरुस्त करायचे, हे मला तिथे कळलं. माती द्यायची वेळ आली तेव्हा आई पुढे झाली, वाकली आणि बाबांना म्हणाली, "अहो, पाहुणा आणलाय. जरा सांभाळून घ्या." मग मूठभर माती टाकली आणि किंचित थांबून, तोंड वाकडं करून म्हणाली, "सलाम, भाऊ."

गेटबाहेर आल्यावर मी रिक्षा शोधायला लागले, तर आई रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलच्या दुकानात शिरली. ब्लडप्रेशरच्या गोळ्या ती वर्षभर बुडवत होती. मी रोज ओरडायची आणि ती रोज म्हणायची, प्रभू बोलावील तेव्हा जायचं, गोळ्यांनी काय होतंय. मी मागोमाग गेले तेव्हा ती पर्समधली चुरगळलेली चिठ्ठी काउंटरवर सपाट करत होती.

"तीन महिन्यांच्या एकदम द्या," ती दुकानदाराला म्हणत होती. "आणि ते साखर बघायचं मशीन पण दाखवा. मला दोन वर्षं मरता यायचं नाही, जागा दिली आहे."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी आईच्या हातातली पिशवी घेतली आणि तिथेच, काउंटरजवळ, मला हुंदका फुटला.